बेडकाचा अर्ज

(जुलै २००४. हायवेलगतच्या एका ज्युनिअर कॉलेजची कचेरी, सकाळचे अकरा. खिडकीच्या आत कारकून गेणभाऊ. बाहेर अवसरी बुद्रुकचे रखमाजी आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी वृषाली. रखमाजींच्या हातात झाकण लावलेली दुधाची किटली.)

रखमाजी : म्हंजी बारावी पास झाल्याली पोरगी परत बारावीला बसवायची.

गेणभाऊ : पास झालेलीच बसते, पावणं. नापासाचा फॉर्म निराळा. तो गुलाबी.

रखमाजी : आन् ही पास हाय म्हणून पांढरा.

गेणभाऊ : पास हाय आन् तरी कमी पडतंय, म्हणून पांढरा.

रखमाजी : पास हाय तर कमी कसं पडतंय? एकोणऐंशी टक्के पडल्यात. गावात पेढं वाटलं व्हतं मी. तुमालाबी दिला असंल.

गेणभाऊ : दिला व्हता. कंदी पेढा. मार्क कमी नायत हो, विषय कमी हाय. जीवशास्त्र. बायॉलॉजी.

रखमाजी : वृषे, तू तर म्हणलीस सायन्स केलं.

वृषाली : सायन्सच केलं, आबा. फिजिक्स झालं, केमिस्ट्री झाली, गणित झालं. बायोच्या जागी क्रॉप सायन्स होतं. आता दाताच्या कॉलेजला बायो लागतं. त्याशिवाय तिथं दारातसुद्धा उभं करत नाहीत. मी तुमाला घरी तीनदा सांगितलं.

रखमाजी : तीनदा सांगितलं, तीनदा ऐकलं. समजलं न्हाई ते न्हाई. क्रॉप म्हंजी पीकच ना?

वृषाली : पीकच.

रखमाजी : त्यात किती पडलं व्हतं?

वृषाली : दोनशेपैकी एकशे एक्क्याऐंशी.

रखमाजी : मग गेणभाऊ, त्यातलं थोडं हिकडं लावा की. लई हायेत. डेअरीवाला म्हशीच्या दुधात गाईचं घालतो, कोण काय म्हणतं त्याला?

गेणभाऊ : ही डेअरी नाय, बोर्ड हाय. हितं गाईचं गाईत, म्हशीचं म्हशीत. तुमच्या मुलीनं आता बायो हा एकटा विषय घ्यायचा. आयसोलेटेड. बाकीचे विषय तसेच राहतात, त्यांना कुणी हात लावत नाय. वर्षभर प्रॅक्टिकलला यायचं, फेब्रुवारीत एक पेपर द्यायचा. पास झाली की मग ती मे महिन्यातली सीईटी. सीईटीत मार्क पडले की दाताचं कॉलेज. समजलं?

रखमाजी : न्हाई.

गेणभाऊ : काय नाय समजलं?

रखमाजी : दाताचा डाक्टर व्हायला बेडूक कशाला कापायला लागतो, ते. म्हशीचं म्हणलं तर येक वेळ समजंल. म्हशीला दात असत्यात. बेडकाला असत्यात व्हय?

वृषाली : असतात.

रखमाजी : काय बोलती.

वृषाली : वरच्या जबड्यात असतात, बारीक बारीक. हात फिरवला तर कंगव्यासारखे लागतात. खालच्या जबड्यात नसतात.

रखमाजी : खाली न्हाईत? मग चावतो कसा?

वृषाली : चावत नाही तो. वरच्या दातांनी नुसतं धरून ठेवतो आन् गिळतो.

गेणभाऊ : पुस्तक वाचलेलं दिसतंय हिनं.

वृषाली : क्लिनिकच्या मॅडमनी दिलंय, त्यांचं जुनं. अर्धं झालं वाचून. दुपारी पेशंट नसले की वाचते.

रखमाजी : त्या मॅडमनीच डोक्यात घातलंय हे. गेल्या जूनपास्नं ही त्यांच्या हाताखाली हाय, दवाखान्यात. भांडी उकळती, सिमेंट कालवून देती. त्या म्हणल्या, हिचा हात चांगला हाय.

वृषाली : सिमेंट म्हणजे दातात भरायचं, गेणभाऊ. नाहीतर तुमाला वाटंल गवंड्याकडं जाते.

गेणभाऊ : मला कळलं ते. माझ्यापण दातात हाय. तर रखमाजीराव, मुलीला मी सोमवारीच सांगितलं की तुझं एकटीचं काम नाय, बापाला घेऊन ये. आज शेवटचा दिवस. दोनला खिडकी बंद, आन् मग यादी जाती वर.

रखमाजी : आज न्हाई झालं तर?

गेणभाऊ : मग पुढल्या जुलैत.

वृषाली : पुढला जुलै नाही मला, गेणभाऊ. आईनं एक वर्ष दिलंय. एका वर्षात बायो आन् सीईटी झालं तर झालं. नाहीतर मावशीनं आणलेलं चाकणचं स्थळ धरून ठेवलंय त्यांनी.

रखमाजी : धरून ठेवलंय म्हंजी, त्यांनी इचारलंय. मी हो म्हणलो न्हाई आन् नगंबी म्हणलो न्हाई.

वृषाली : तेच तर. तुमी कधी काय म्हणतच नाही.

रखमाजी : बघा. आठ दिसांनी बोलली ती आज. आन् बोलली ती हे. येताना गाडीवर मागं बसली व्हती, येक सबूद न्हाई. फाट्यावर मी दोनदा मागं वळून बघितलं, हाय का उतरली.

गेणभाऊ : घरातलं घरात ठेवा. मला सही पायजे. हिच्या फाइलीत तुमच्या नावचा जुना अर्ज हाय, तीन वर्षांपूर्वीचा. त्यात पालकानं लिहून दिलंय की आमच्या मुलीला जीवशास्त्र नको. आता तिला जीवशास्त्र हवं असंल, तर आधी तो अर्ज त्याच पालकानं मागं घ्यायचा. माझा नियम नाय, प्राचार्यांचा हाय.

रखमाजी : हां. त्यासाठीच मी हे आणलंय. हे घ्या आधी.

गेणभाऊ : दूध कशाला? असू दे, असू दे. तिकडं कपाटापाशी ठेवा.

रखमाजी : दूध न्हाई.

वृषाली : आबा, काय हाय त्यात? सकाळी आईनं विचारलं तर म्हणालात मॅडमना द्यायचंय.

रखमाजी : झाकण जपून काढा. उडी मारतो.

गेणभाऊ : अहो, बेडूक हाय ह्यात.

रखमाजी : आपल्या हिरीतला हाय. लई दिसाचा. पाणी बदलून आणलाय, जिता हाय.

वृषाली : आबा.

रखमाजी : थांब तू. मला बोलू दे. गेणभाऊ, आठ दिसामागं पोरगी मला म्हणली, तुमच्या माळंपायी माझी डाक्टरकी गेली. तुमच्या गळ्यात तुळस, म्हणून मला बेडूक कापायला नगं म्हणलात. तशीच म्हणली. चुलीपुढं. मला तवा काय बोलावं ते सुधरलं न्हाई. मी आठ दिस त्याच्यावरच हाय. म्हशीखाली बसलो तरी तेच. मग काल मनाशी म्हणलं, आपुनच धरून न्यावा. जीव धरून मीच दिला म्हणल्यावर पाप लागायचं ते मला लागंल. तिला कशाला लागंल? तिनं नुसतं कापायचं. म्हणून आणला.

वृषाली : तुमी हिरीत उतरलात? गुडघा धरतो म्हणून तुमी पायरी चढत नाही.

रखमाजी : आपला गडी भिका उतरला. मी वरनं दोर धरला.

गेणभाऊ : रखमाजीराव, बसा जरा त्या बाकावर. तुमाला एक सांगायचं हाय. बेडूक बंद झाला आपल्याकडं.

रखमाजी : बंद झाला म्हंजी?

गेणभाऊ : कापायचा बंद झाला. दोन वर्षं झाली. आता तक्ता लावतात भिंतीला. त्यावर छडीनं दाखवतात, हे काळीज, हे फुप्फुस. जिवंत काय कापत नाय कुणी.

रखमाजी : तक्त्यावर?

गेणभाऊ : रंगीत हाय. चांगला हाय तक्ता.

रखमाजी : मग हिचं अडलंय कशापायी?

गेणभाऊ : बेडकापायी नाय अडलं आज. त्या अर्जापायी अडलंय. तो मागं घ्यायचा. फाइल काढतो, थांबा. दोन हजार एक. अ, अवसरी. हे बघा. वाचून दाखवतो. नियमच हाय, मागं घेताना वाचायचा. ‘प्रति, मा. प्राचार्य. विषय, जीवशास्त्राऐवजी पीकशास्त्र मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार, माझी मुलगी कु. वृषाली हिने अकरावी शास्त्र शाखेत प्रवेश घेतला आहे. तथापि आम्ही माळकरी असून जीवशास्त्र विषयात बेडूक कापावा लागत असल्याने आमच्या धर्मभावनेस बाधा येते. तरी कृपावंत होऊन विषय बदलून मिळावा.’ खाली तुमची सही. रखमाजी. ‘जी’ जरा वाकडा आलाय.

रखमाजी : सही माझीच हाय. तथापि म्हंजी काय?

गेणभाऊ : तथापि म्हंजी तरीसुद्धा.

रखमाजी : मी आजपतुर कुणाला तथापि म्हणलो न्हाई. आन् अर्ज कवाचा हाय म्हणला?

गेणभाऊ : हितं तारीख हाय. अकरा जुलै दोन हजार एक.

रखमाजी : वृषे, तुझी आजी कवा गेली?

वृषाली : दोन हजार दोनला. दिवाळीनंतर.

रखमाजी : चिमाबाई, माझी आई. गेणभाऊ, ती माळकरी व्हती. ती गेली कार्तिकात. तेराव्याला मी तिची माळ गळ्यात घातली, तिनं तसं सांगितलं व्हतं म्हणून. त्याच्या आधी माझ्या गळ्यात काय न्हवतं. दोन हजार एकच्या यात्रंला मी दोन ताटं मटण हाणलं. आख्ख्या वाडीनं बघितलंय. मग त्या साली जुलैत मी माळकरी कसा?

गेणभाऊ : असं म्हणता.

रखमाजी : म्हणत न्हाई, इचारतोय. मला समजंना झालंय. माझी माळ माझ्या आधी कागदावर कशी गेली?

वृषाली : आबा, तुमी त्या वर्षी मटण खात होता.

रखमाजी : खात व्हतो. तूच वाढलं.

वृषाली : मीच वाढलं. मग मला हे तेव्हा कसं नाही आठवलं? मी तर कागद वाचला होता. गाडीत बसून वाचला होता. ‘आम्ही माळकरी असून’ वाचलं आन् मला वाटलं, आजीनं तुमाला सांगितलं असंल, तुमी हितं येऊन सांगून गेला असाल. आजीपुढं तुमचं कधी चाललंय का. माळ कुणाच्या गळ्यात हाय ते डोक्यातच नाही आलं. मी म्हसोबाच्या ओढ्यापर्यंत रडले. मग घरी येऊन तुमच्यापुढं कागद ठेवला.

रखमाजी : ठेवला. मला याद हाय. मी धार काढत व्हतो. तू काय न बोलता कागद पुढं केलास. मी हात पुसून सही केली.

वृषाली : एका शब्दानं विचारलं नाही तुमी, कशाचा हाय म्हणून. मला वाटलं, ठरलेलंच हाय तुमचं.

रखमाजी : तू एका शब्दानं सांगितलं न्हाईस. मला वाटलं, तुझंच ठरल्यालं हाय. पुढं तुझी आई म्हणली, बेडकाचा विषय सोडला पोरीनं. मी म्हणलं, भेत असंल. लहानपणी सरड्याला भ्यायची.

वृषाली : सरड्याला भ्यायची, बेडकाला नाही.

रखमाजी : ते मला काय ठावं.

वृषाली : तीन वर्षं झाली, आबा. तीन वर्षं मी तुमच्यावर राग धरून हाय. दवाखान्यात कुणी म्हणालं, तूच का नाही डॉक्टर झालीस, की मी म्हणते, आमचे वडील माळकरी. लोक म्हणतात, असू दे, देवाधर्माचं असतं. मला तुमची माळ दिसली की जेवण जायचं नाही.

रखमाजी : आन् मला वाटायचं, आजी गेल्यामुळं हिचं जेवण तुटलं.

गेणभाऊ : रखमाजीराव, आपण असं करू, मागं घेण्याचा अर्ज मी लिहून देतो, तुमी सही करा. झालं गेलं. मजकूर मला पाठ हाय. ‘प्रति, मा. प्राचार्य. विषय…’

रखमाजी : थांबा. त्यो कागद दावा जरा.

गेणभाऊ : कुठला?

रखमाजी : आत्ता लिवता त्यो. आन् जुना बी. दोनी शेजारी ठेवा. मला वाचता लई येत न्हाई, पर जनावराच्या कानावरचं डाग मला समजत्यात. हे प्र बघा. असं शिंग काढल्यालं. ह्यातलं बी तसंच. आन् खाली दोन रेघा मारल्यात, त्या बी तशाच. वृषे, बघ गं. माझं चुकत असंल.

वृषाली : नाही चुकत. गेणभाऊ, तुमचं अक्षर हाय हे.

गेणभाऊ : सगळे अर्ज मीच लिहितो. लोकांना लिहिता येत नाय.

वृषाली : लिहिता येत नाही म्हणून लिहिलं, ते ठीक. सांगितलं कुणी? मी नाही सांगितलं. आबांनी नाही. आजी कधी कॉलेजला आली नाही. मला तुमी हितं, ह्याच खिडकीतून, लिहिलेला कागद दिलात. म्हणालात, वडलांची सही आण. मला वाटलं वडलांनीच लिहून घेतलाय.

गेणभाऊ : मी असं म्हणालो का?

वृषाली : काहीच म्हणाला नाही तुमी. सही आण, एवढंच म्हणालात.

रखमाजी : गेणभाऊ, मी भांडायला न्हाई आलो. माझा बेडूक ऐकतोय त्याच्या शपथंवर सांगतो. मला फकस्त समजून घ्यायचंय. माझ्या पोरीचा इषय काढला कुणी?

गेणभाऊ : मी काढला.

रखमाजी : का?

गेणभाऊ : इंद्रायणीमुळं.

वृषाली : कोण इंद्रायणी?

गेणभाऊ : तुझ्या आधीच्या वर्षाची. डोंगराकडची, आंबेगावच्या वरची, तुमच्या बाजूला मामाकडं राहायची. हुशार पोरगी. बायोचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. तुमच्या बाजूची शेवटची गाडी साडेचारला जाती. ही पोर जीपनं फाट्यापर्यंत जायची आन् तिथून चालत. हिवाळ्यात अंधार. तीनदा उशीर झाला. चौथ्यांदा मामा आला, दाखला काढून घेऊन गेला. बारावी राहिली ती राहिलीच. ह्याच खिडकीतून दाखला दिला मी. माझ्या हातानं शिक्का मारला. ती मागं उभी होती. मला तेव्हापासून ते सुटंना.

रखमाजी : मग?

गेणभाऊ : मग पुढल्या वर्षी तुमच्या बाजूच्या पोरींची यादी बघितली. बायोला अकराजणी. म्हणलं, ह्यांची सुद्धा तीच गत. क्रॉप सायन्स सकाळचं असतं, साडेबाराला मोकळं. प्राचार्यांकडं गेलो. ते म्हणाले, यादी लागली, आता विषय बदलत नाय. गाडी चुकती हे कारण नाय चालत, गाडीचं एस.टी.ला सांगा. फक्त धर्माचं काय असलं तर बघू. म्हणून मी धर्माचं काढलं. बेडूक सुचला. अकरा अर्ज लिहिले एका दुपारी. अकराच्या अकरा माळकरी. प्राचार्य म्हणाले सुद्धा, अवसरीकडं लई भक्ती हाय.

वृषाली : अकराजणींच्या घरी हाच कागद गेला.

गेणभाऊ : गेला. सगळ्या सह्या होऊन आल्या. एकानं सुद्धा विचारलं नाय. आन् अकराच्या अकरा बारावी पास झाल्या, हे पण लिहून ठेव. एकीची सुद्धा गाडी चुकली नाय.

वृषाली : आमाला विचारलं असतं तर.

गेणभाऊ : तुमाला काय विचारायचं? सोळा वर्षांच्या पोरी तुमी.

वृषाली : मी म्हणाले असते, चालत जाईन.

गेणभाऊ : तेच तर म्हणली असतीस. इंद्रायणी सुद्धा तेच म्हणायची.

रखमाजी : बाकीच्या धाजणींचं काय झालं, गेणभाऊ? त्यांच्यातलं कुणी आलं का परत, हिच्यासारखं?

गेणभाऊ : नाय. हीच पहिली.

रखमाजी : त्यास्नी ठावंच नसंल. ती मंगल हाय आपल्या आळीची. ती पण बापावर रागावून सासरी गेली असंल.

वृषाली : मंगल म्हणायची, आमचे अण्णा माळकरी नाहीत तरी असं का केलं त्यांनी. मी तिला म्हणाले होते, तुझी आजी असंल.

रखमाजी : गेणभाऊ, तुमच्यावर रागवावं का पाया पडावं, मला समजंना झालंय.

गेणभाऊ : मला सुद्धा कधी समजलं नाय. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. वाटलं होतं, कुणी विचारणार नाय. आता सव्वाबारा झाले. अर्ज द्यायचा का नाय?

रखमाजी : द्यायचा. पर तुमी न्हाई लिवायचा. वृषे, तू लिव.

वृषाली : मी?

रखमाजी : तुला येतं. एकोणऐंशी टक्के पडल्यात. लिव. आन् लिवून झालं की मला वाचून दाव. मोठ्यानं. मग सही.

वृषाली : कारण काय लिहू?

रखमाजी : खरं हाय ते लिव.

गेणभाऊ : कारण थोडक्यात लिही. फार खरं लिहू नको, प्राचार्य बदललेले नायत.

वृषाली : झालं. वाचते. ‘महोदय, माझी मुलगी वृषाली हिला जीवशास्त्र विषय शिकायचा आहे. पूर्वी दिलेला अर्ज मी मागे घेत आहे. तो अर्ज देताना मी तिला विचारले नव्हते आणि तिने मला विचारले नव्हते.’

गेणभाऊ : हे शेवटचं काढून टाक.

रखमाजी : न्हाई. ते ऱ्हाऊ दे. पुना वाच ते.

वृषाली : ‘मी तिला विचारले नव्हते आणि तिने मला विचारले नव्हते.’

रखमाजी : हां. बराबर हाय. कुठं करू सही? हितं? थांब, ह्या वेळंला ‘जी’ सरळ काढतो.

गेणभाऊ : आला सरळ. आता प्रॅक्टिकलची वेळ लिहून घ्या. मंगळवार, गुरुवार, अडीच ते साडेपाच. हजेरी पक्की लागती, जर्नलवर सरांची सही लागती. पाच दांड्या झाल्या की नाव कमी.

रखमाजी : आन् आमची गाडी?

गेणभाऊ : साडेचारलाच हाय अजून. ती कुठं बदलली.

वृषाली : मी जीपनं फाट्यापर्यंत येईन, आबा. तिथून चालत.

रखमाजी : न्हाई.

वृषाली : मग कसं करायचं? म्हणजे परत तेच. आबा, तुमी नको म्हणणार असाल तर आत्ताच म्हणा. सही झाली असली तरी म्हणा. पण बोलून म्हणा.

रखमाजी : बोलतोच की. फाट्यावरनं चालायचं न्हाई, असं म्हणलो मी. यायचं न्हाई असं न्हाई म्हणलो. मंगळवारी आन् गुरवारी मी येतो साडेपाचला. आपली एम-एटी फटफटी घेऊन.

वृषाली : साडेपाचला तुमी धारेला असता. सहाला डेअरी बंद होते.

रखमाजी : ते दोन दिस तुझी आई धार काढंल, भिका किटल्या नील. म्हशी माझ्या हाताच्या हायेत, पयल्यांदा दूध चोरून धरतील. धरू दे. महिन्याभरात सोडतील.

वृषाली : आईला काय सांगायचं?

रखमाजी : तिला सांगायचं न्हाई, तिला इचारायचं. ती चाकणचं काढंल. काढू दे. मी म्हणंन, वर्सभर थांबा. ह्या वेळंला मी म्हणंन काय तरी. त्या कळंबच्या झुंबरबाईची दाढ काढली, त्या दिशी मी दवाखान्याच्या बाहीर बसलो व्हतो. तुला ठावं न्हाई. माझी पण दाढ ठणकत व्हती, पर आत यायचा धीर व्हईना. म्हातारी डाक्टरणीला हात लावू देत नव्हती. तू हनुवटी धरलीस आन् काय तरी पुटपुटलीस, तवा तिनं तोंड उघडलं. मला दारातनं दिसलं. मला लई बरं वाटलं व्हतं. ते पण सांगायचं ऱ्हाऊन गेलं.

वृषाली : मग दाढेचं काय केलं तुमी?

रखमाजी : लवंग धरली. हाय अजून, मागली.

वृषाली : आत्ता चला. जाताना मॅडमना दाखवू.

रखमाजी : आधी ह्याला घरी सोडू. किटलीत गरम व्हतंय त्याला. गेणभाऊ, येतो. अकराजणींची यादी आसंल तर मला द्या कवा तरी. आपल्या आळीतल्या तीन-चार बापास्नी मी सांगंन.

गेणभाऊ : काय सांगाल?

रखमाजी : ते अजून समजलं न्हाई. पर सांगंन.

गेणभाऊ : या. गुरुवारपासून प्रॅक्टिकल हाय. गाडी सावकाश चालवा.

वृषाली : किटली माझ्याकडं द्या, आबा. मी मांडीवर घेते.

रखमाजी : झाकण वायलं धर, हवा लागू दे. आन् मागं बसलीस की काय तरी बोलत ऱ्हा. बोलली न्हाईस की मला वाटतं उतरली.

वृषाली : काय बोलू?

रखमाजी : ते बेडकाच्या दाताचं सांग. वर दिलं आन् खाली का न्हाई दिलं, ते मला समजलं न्हाई.